रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय का? सिकलसेलची गोष्ट, उल्हासनगर ते बदलापूर

लोकलमध्ये ऐकत असाल तर कल्याणला सुरू करा, ठाणे येईपर्यंत संपेल. आणि वाचत असाल तर नेहमीप्रमाणे हा भाग जसा बोललो तसाच उतरवलाय, थोडी साफसफाई करून.

आज एका दुखण्याचा इतिहास सांगायचाय. राजे नाहीत, लढाया नाहीत. तरी बरीच माणसं यात हरलेली आहेत.

समजा बदलापूरला एक मुलगा आहे. वर्षाचा असताना त्याच्या हातापायाची बोटं टम्म सुजली. घरचे म्हणाले, काहीतरी चावलं असेल. सहा वर्षांचा झाल्यावर रात्री पाय ठणकायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. नवव्या वर्षी डोळे पिवळे झाले, म्हणजे कावीळ, मग झाडपाल्याचं औषध. तेराव्या वर्षी पोटात अशी कळ आली की अपेंडिक्स काढायची तयारी झाली. सोळाव्या वर्षी पाठ आणि मांड्या. एक्स-रे काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या सुरू. चार दिवसांनी पोरगं क्रिकेट खेळताना दिसलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, परीक्षा आली की याचं बरोबर दुखतं!

हा मुलगा मी बनवलेला आहे. पण यातली एकही पायरी बनवलेली नाही. सिकलसेल असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये हीच चुकीची नावं पुन्हा पुन्हा सापडतात: संधिवात, वाढीचं दुखणं, कावीळ, अपेंडिक्स, हाडांचा टीबी, आणि शेवटी "नाटक".

आधी दुखतं का ते बघू. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, केसापेक्षा बारीक नळीतूनही अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन जरा वेगळं बनतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्यासारखे होतात आणि पेशी ताठर, वाकडी, विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुढचं रक्त थांबतं आणि तिथलं हाड, स्नायू, कधी फुप्फुस ऑक्सिजनविना तडफडायला लागतं. कळ येते ती त्याची. अडथळा सुटला की कळ जाते. म्हणून हे दुखणं आज आहे, उद्या नाही. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत तर बऱ्याचदा नाहीच. नेहमीची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आणि डोळे पिवळे. लोहाच्या गोळ्यांनी यातलं काही बदलत नाही.

पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की कळांचा झटका येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता इतिहास. 1904 साली ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विशीतला मुलगा दंतवैद्य व्हायला शिकागोला आला. डिसेंबरात तो प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लांबट, विळ्यासारख्या पेशी. त्याने वरिष्ठांना, जेम्स हेरिक यांना दाखवलं. हेरिकनी सहा वर्षं विचार केला आणि 1910 मध्ये लेख लिहिला. आजार कोणता, ते त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. पण "मला हे असं असं दिसलं" एवढं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मला या माणसाबद्दल त्यासाठी आदर वाटतो. नाव नाही सापडलं म्हणून दुखणं खोटं, असं ते म्हणाले नाहीत. नोएल डिग्री घेऊन घरी गेला, दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये, 32 व्या वर्षी वारला.

म्हणजे हा आजार 1910 मध्ये जन्मला का? अर्थातच नाही. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी दाखवून दिलं की पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमध्ये या दुखण्याला आधीपासूनच नावं होती, तोच आवाज पुन्हा पुन्हा येणारी. आपल्या घराण्यातला हा आजार त्यांनी 1670 पर्यंत मागे शोधत नेला. दुखणाऱ्यांना माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं, एवढाच फरक.

आपल्या मराठीतही दुखण्याला शब्द काय कमी आहेत? ठणका वेगळा, कळ वेगळी, शूळ वेगळा, चमक वेगळी. उसण भरते, अंग मोडून येतं, हाड कुरतडल्यासारखं होतं. आणि दवाखान्यात विचारतात काय, तर शून्य ते दहामध्ये किती? आजीने सांगितलेल्या "हाडं आतून ठणकतात" या तीन शब्दांत जास्त निदान आहे. पण ते ऐकायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे.

आता आपल्या लाइनवर येऊ. साल 1949.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता, बराकींच्या रांगाच्या रांगा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना तिथे आणून ठेवलं. म्हणूनच आजही पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर पाच". 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी निरोगी माणसाचं आणि सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रातून पळवलं. दोघांचा वेग वेगळा निघाला. आई-बापांसारख्या वाहक माणसाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले होते. म्हणजे आजार जंतूत नाही, हवेत नाही, वागण्यात नाही, थेट रेणूच्या घडणीत आहे. एखाद्या आजाराचं मूळ रेणूत दाखवून देण्याची ही पहिलीच वेळ. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी 1956-57 मध्ये नेमकी जागा सांगितली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 मणी असतात, त्यातला सहावा मणी बदललेला. एक मणी, बस.

या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज आहे. सांगतो.

उल्हासनगरच्या बराकींत उतरलेली सिंधी कुटुंबं सामानाबरोबर अजून एक गोष्ट घेऊन आली होती, आणि तिचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. थॅलेसेमिया. यात त्याच बीटा साखळीच्या जीनमध्ये बिघाड असतो, पण वेगळा. साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. सिंधी लोकांमध्ये याचा एक खास प्रकार जास्त आढळतो, जीनमधला 619 अक्षरांचा तुकडाच गळालेला. दोन्ही पालक वाहक असले तर मूल थॅलेसेमिया मेजर होऊ शकतं आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

पुढची स्टेशनं अंबरनाथ आणि बदलापूर. एका बाजूला मलंगगडाचे, माथेरानचे डोंगर, दुसरीकडे बारवीचं जंगल. तिथे ठाकूर आणि कातकरी पाड्यांवर राहतात. कातकरी म्हणजे मुळात खैरापासून कात काढणारे, सरकारी भाषेत "विशेष असुरक्षित आदिवासी गट". पावसाळा संपला की यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. शिवाय एमआयडीसी आणि कारखान्यांमुळे नागपूर-भंडाऱ्याकडून, धुळे-नंदुरबारकडून आलेली माणसं आता याच लाइनवर फ्लॅट घेऊन राहतात. विदर्भ आणि खानदेश म्हणजे महाराष्ट्रात सिकलसेलचे मोठे पट्टे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात तर वाहकांचं प्रमाण खूपच जास्त.

म्हणजे सलग तीन स्टेशनं, आणि त्यांच्या आसपास एकाच जीनच्या दोन वेगवेगळ्या बदलांची माणसं. एकाच लोकलला लटकून परळला कामाला जाणारी.

पण या दोन आजारांच्या वाट्याला आलेलं नशीब बघा. थॅलेसेमियाचं बाळ रक्त न चढवता जगत नाही. तो आजार समोर उभा राहतो, डॉक्टरला नाव शोधावंच लागतं. रक्तपेढी लागते, रक्तदान शिबिरं होतात, समाजाच्या संस्था पुढे येतात. "लग्नाआधी थॅलेसेमियाची टेस्ट करा" हा प्रचार सिंधी समाजात वर्षानुवर्षं चालू आहे. सिकलसेल तसा समोर उभा राहत नाही. तो येतो, मोडतो आणि निघून जातो. त्यात तो ज्यांना होतो त्यांच्याकडे संस्था नाहीत, रजा नाहीत, सहा महिन्यांनी ते त्याच गावात असतील याची खात्री नाही.

आता वीटभट्टी आठवा. भर उन्हात अंगमेहनत, पाणी कमी, रात्री उघड्यावर थंडी. झटका आणणारी यादीच आहे ती. आणि उचल घेतलेला मजूर "हाडं दुखतात" म्हणाला तर मुकादम काय म्हणणार, ते मी सांगायला नको.

पण भारतातल्या डॉक्टरांना हे सुचायला इतका वेळ का लागला? कारण पुस्तकांत लिहिलं होतं की हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार आहे. मग इथे कोण शोधणार? 1952 मध्ये हरमन लेहमन आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींचं रक्त तपासलं आणि तिथे सिकल पेशी सापडल्या. 1956 मध्ये मुंबईच्या सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींबद्दल 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारताबद्दल. म्हणजे 1958 पर्यंत मुंबईतही माहीत होतं, नागपुरातही माहीत होतं. कागदावर.

मग वाद सुरू झाला की हा जीन आफ्रिकेतून आला की इथलाच. 1986 मध्ये जीनच्या आजूबाजूचे नमुने तपासून संशोधक म्हणाले, आशियातला उगम स्वतंत्र आहे. 2018 मध्ये संपूर्ण जीनोम वाचणाऱ्यांनी म्हटलं, नाही, एकच मूळ असावं. मलेरियापासून वाहकांना संरक्षण मिळतं हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्येच दाखवलं होतं, म्हणून जंगलपट्ट्यात हा जीन टिकला. वाद रंजक आहे, पण ज्याची मांडी आत्ता ठणकतेय त्याला उगमाशी घेणंदेणं नाही.

"आफ्रिकी आजार" हे लेबल गेलं, पण त्याच्या जागी "आदिवासी आजार" हे लेबल आलं. ते लेबलही तेवढंच नडतं. विदर्भात हा जीन अनुसूचित जातींमध्ये आहे, कुणबी-तेली समाजांतही सापडतो. पण अंबरनाथच्या सोसायटीत राहणारा, जीन्स घातलेला, आयटीआय करणारा मुलगा दवाखान्यात आला की त्याचं आडनाव बघून कोणाच्या डोक्यात सिकलसेल येत नाही. आणि पाड्यावरचा मुलगा आला तर "कुपोषण" हे उत्तर आधीच तयार असतं.

आता सगळ्यात अवघड जागा, आणि खरं तर हा भाग मी याच्यासाठीच केला. लक्ष देऊन ऐका.

आई सिकलसेलची वाहक, बाबा थॅलेसेमियाचे वाहक. दोघंही ठणठणीत. आपल्याकडच्या सरकारी भाषेत सिकलच्या वाहकाला "एएस पॅटर्न" आणि रुग्णाला "एसएस पॅटर्न" म्हणतात. लग्नाआधी कोणीतरी सांगितलेलं असतं, "दोन एएसनी लग्न करू नये." इथे दोन एएस नाहीत, म्हणून सगळे निश्चिंत. पण प्रत्येक गरोदरपणात चारातला एक संभव असा की बाळाला आईकडून सिकल आणि बाबांकडून थॅलेसेमिया मिळेल. याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. कळा तशाच. आणि बाळाची साधी सोल्युबिलिटी चाचणी केली तर ती फक्त एवढंच सांगते की सिकल आहे. किती आहे, सोबत काय आहे, ते सांगत नाही. मग शेरा पडतो, "वाहक आहे, काळजी नको." झालं! हातात कागद आहे की मुलाला आजार नाही, आणि मूल रात्रभर कण्हतंय. त्या कागदामुळे पुढचा प्रत्येक डॉक्टर म्हणणार, "सिकल तर फक्त कॅरिअर आहे, दुखणं दुसरंच काहीतरी." निदान न होण्यापेक्षा अर्धवट निदान जास्त नडतं ते असं.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात, जिथे पोरंपोरी एकाच कॉलेजात शिकतात आणि आपापसात लग्नं करतात (करावीतच), तिथे हे माहीत असायला हवं. हे उलगडतं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीत, आई-बाबांचे रिपोर्ट सोबत ठेवून. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली, आज देशातल्या या कामाच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक. बदलापूरहून एका लोकलच्या अंतरावर.

बरं, निदान झालं. दुखणं थांबलं का? इथे इतिहासाचा अजून एक तुकडा आहे. 1985 मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आला. हेतू तस्करी रोखण्याचा. पण मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले की बऱ्याच रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. अफू पिकवणारा देश आणि स्वतःच्या रुग्णांना मॉर्फिन नाही! 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण मधल्या तीस वर्षांत डॉक्टरांची एक पिढी ते वापरायला न शिकताच तयार झाली. अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथे औषध आहे, पण सिकलसेलचा रुग्ण इमर्जन्सीत येऊन नेमकं औषध मागायला लागला की त्याच्यावर व्यसनी असल्याचा संशय. आपल्याकडे झटका आला की नाक्यावरच्या दवाखान्यात डायक्लोचं इंजेक्शन. एकदा ठीक. पण या आजारात किडनी आधीच नाजूक असते आणि अशी इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेत राहणं महागात पडतं.

झटके कमी करणारं औषध मात्र आहे. हायड्रॉक्सियुरिया, मूळचं कॅन्सरचं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या 299 प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. ते घेणाऱ्यांचे वर्षाचे झटके जवळपास निम्म्यावर आले, इतके की अभ्यास वेळेआधीच थांबवला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं की आपल्याकडच्या मुलांना कमी डोसही उपयोगी पडतो. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी तपासण्या. गावाकडच्या रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे.

नागपूरचंच अजून एक नाव, संपत रामटेके. डॉक्टर नव्हते. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून त्यांनी रुग्णांना आणि पालकांना एकत्र आणलं, सरकारदरबारी खेटे घातले. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. या आजाराचा महाराष्ट्रातला इतिहास लिहायचा तर शास्त्रज्ञांच्या यादीत हे नाव बसवावं लागेल, कारण संशोधन 1958 पासून होतं आणि तरी पालकांना स्वतः ओरडावं लागलं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही घेतले. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 हे लक्ष्य. तपासणीचा आकडा मोजायला सोपा असतो, म्हणून बातम्यांत तोच येतो. सापडलेल्या माणसाला दर महिन्याला गोळी मिळते का, हा आकडा शोधून बघा कधी.

आणि दिव्यांग प्रमाणपत्र? बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के लागतात. बोर्डासमोर ज्या दिवशी नंबर लागतो त्या दिवशी मुलगा सरळ चालत येतो, हसून बोलतो. मागच्या मंगळवारी त्याला दोन जणांनी उचलून रिक्षात घातलं होतं, हे त्या दिवशी दिसत नाही. म्हणून रुग्णांचे पालक एकमेकांना सांगतात की प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक रक्त चढवल्याची पावती प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. शून्य ते दहाच्या आकड्याला बोर्ड मानत नाही, फाइलच्या जाडीला मानतो.

मी डॉक्टर नाही, हे नेहमीप्रमाणे सांगतो. पण तुमच्या घरात, हॉस्टेलवर, कंपनीत कोणाची हाडं अशी येऊन-जाऊन ठणकत असतील, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वर येत नसेल, मधूनच डोळे पिवळे होत असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "एचपीएलसी करून बघूया का?" आडनाव काहीही असो. रिपोर्ट आला की त्यावर हिमोग्लोबिन एस, ए-टू आणि एफ अशा तीन ओळी शोधा आणि त्यांचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कागद पावसाळ्यात टिकत नाहीत.

भेटू पुढच्या भागात.